रिकामं आलेलं कूटयंत्र

आमच्या घरात एक शब्द उच्चारायची मला गेली कैक वर्षं बंदी आहे. शब्द साधाच आहे, शिवी नाही. ‘असणारच’ हा तो शब्द. ‘आज मंडई बंद असणारच’ एवढं जरी माझ्या तोंडून निसटलं, तरी स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज येतो, ‘‘बघून आलात?’’ आता मुलींनीही तो सूर उचललाय. परवा धाकटीला म्हणालो, ‘‘तुझ्या फोनचं चार्जिंग संपलं असणारच.’’ ती म्हणाली, ‘‘बाबा, नेलपॉलिश लावून बघितलंत का?’’ आणि दोघी मायलेकी एकमेकींकडे बघून हसल्या. त्या हसण्याच्या मुळाशी जे आहे, ते एकदाचं लिहूनच टाकतो. दुसऱ्यांनी सांगितलं की त्यात माझा मूर्खपणा थोडा जास्तच दिसतो.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं असतील. मी साताऱ्यात औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात टूलरूमला, म्हणजे साचे-हत्यारं बनवायच्या खात्यात होतो. लग्नाला दोन-अडीच वर्षं झालेली. बायको सांगलीची, साताऱ्यातल्या एका शाळेत आठवी-नववीला भूमिती शिकवायची. आम्ही वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो. खाली घरमालक, फौजेतून रिटायर झालेले सुभेदार. मिशा अजून ड्यूटीवर असलेल्या.

एका आषाढी एकादशीला बायकोनं मला खिचडीसाठी दाण्याचा कूट करायला सांगितला. मी मिक्सर लावला आणि पेपर वाचत बसलो. मिक्सर थांबवायचा असतो हे लक्षात आलं तोवर दाण्यांना तेल सुटून त्यांचा गोळा झाला होता. दुसरा घाणा टाकला तर लाईट गेले. त्या दिवशी बायकोनं खिचडी केलीच नाही, आम्ही केळी खाल्ली. केळं सोलता सोलता मला साक्षात्कार झाला: महाराष्ट्रातल्या तमाम बायका कुटामुळे त्रासलेल्या असणारच.

त्या ‘च’नं माझा घात केला.

तीन महिने रविवारी एका मित्राच्या शेडमध्ये खपून मी एक यंत्र केलं. खाली स्टीलचा डबा, झाकणात दातेरी रूळ, बाजूला फिरवायची मूठ. वरून भाजलेले दाणे टाकायचे, मूठ फिरवायची, खाली डब्यात मोकळा, कोरडा कूट. मी त्याचं नाव ठेवलं ‘कूटयंत्र’. सुभेदार म्हणाले, ‘‘आवं, नाव मोर्च्यावर न्यायासारखं हाय. पर हाय लय भारी!’’ मी त्यांना तिथल्या तिथं दाणे कुटून दाखवले. त्यांनी मूठभर कूट तोंडात टाकला आणि परत म्हणाले, ‘‘लय भारी.’’ मला एवढं पुरेसं होतं.

पाच यंत्रं तयार झाली. ती मी सांगलीला सासुरवाडीच्या गल्लीत पाच घरी वापरायला दिली. तिथं का? तर साताऱ्यातल्या शेजाऱ्यांना माझा स्वभाव ठाऊक होता आणि सांगलीत मी जावई होतो. जाताना प्रत्येक घरी सांगितलं, ‘‘पंधरा दिवस वापरा आणि अगदी खरं काय ते सांगा.’’ पाचही घरांतून मला चहा, पोहे आणि ‘जावईबापू, डोकं बाकी तुमचं!’ मिळालं.

पंधरा दिवसांनी यंत्रं आणायला गेलो तर पाचही भरून आलेली. एकात बेदाणे, एकात गूळ, एकात घरची हळद, एकात कांदा-लसूण चटणी आणि एकात चक्क चिवडा. ‘‘कसं वाटलं?’’ विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘‘झकास! आमच्या मिक्सरपेक्षा बरं.’’ परतीच्या एसटीत पाच डब्यांची पिशवी मांडीवर धरून मी बसलो होतो आणि मला अगदी भरून आलं होतं. नुसतं आवडलं नव्हतं. लोकांनी डबे भरभरून प्रेम दिलं होतं.

घरी आल्या आल्या राजीनामा लिहिला. ‘मी स्वतःचा व्यवसाय सुरू करीत असल्याने…’ वगैरे. अक्षर मुद्दाम चांगलं काढलं. बायको वह्या तपासत बसली होती. कागद तिच्यापुढं ठेवला. तिनं तो वाचला, मग टेबलावरच्या पाच डब्यांकडे बघितलं आणि चिवड्याचा एक घास घेतला.

‘‘हे आवडलं म्हणून पाठवलंय?’’

‘‘मग? पाचच्या पाच भरून!’’

‘‘आणि आवडलं नसतं तर काय पाठवलं असतं?’’

मी म्हणालो, ‘‘काहीच नसतं पाठवलं.’’

‘‘म्हणजे रिकामं भांडं परत दिलं असतं? आमच्या गल्लीतल्या बायकांनी? जावयाच्या हातात?’’

आपल्याकडे शेजारणीची वाटी परत करताना त्यात चिमूटभर साखर तरी घालतातच. भांडं रिकामं परत धाडायचं नसतं. हे मला लहानपणापासून माहीत होतं. माझ्या आईनं आयुष्यभर तेच केलं. पण यंत्र माझं म्हटल्यावर मला ते भांडंच वाटलं नव्हतं.

‘‘यंत्र आवडलं असतं तरी डबा भरून आला असता,’’ बायको म्हणाली, ‘‘आणि नसतं आवडलं तरी भरूनच आला असता. मग हा चिवडा नक्की काय सिद्ध करतोय?’’

‘‘चिवडा चांगला झालाय एवढं,’’ मी म्हणालो. वातावरण हलकं करायला. झालं नाही.

तिनं हातातली वही माझ्यापुढं सरकवली. कुठल्यातरी पोरानं सिद्धता लिहिली होती. पक्ष, साध्य, सिद्धता, तिन्ही मथळे सुबक. फक्त जे सिद्ध करायचं तेच त्यानं पक्षात लिहून टाकलं होतं. त्यामुळे त्याची सिद्धता दोन ओळींत आटोपली होती. खाली लाल शाईत भोपळा.

‘‘तुम्ही हेच केलंय. साध्य पक्षात घातलंय. बायका कुटाला कंटाळल्यात हे तुम्हाला सिद्ध करायचंय आणि तुम्ही सुरुवातच तिथून केलीत. मी तरी कंटाळलेय का, मला विचारलंत?’’

‘‘तू कंटाळलेली असणा…’’ मी थांबलो. बंदी त्या क्षणी लागू झाली.

‘‘मी कूट आठवड्याचा एकदम करते. दहा मिनिटं लागतात. त्या दिवशी कंटाळला होतात तुम्ही.’’

मला राग आला होता, हे कबूल करतो. कारखान्यातली नोकरी मला चावत होती अशातला भाग नव्हता, पण कुणीतरी आपल्याला ‘डोकं बाकी तुमचं’ म्हणावं ही भूक मोठी असते. नोकरी सोडायची की नाही, हा प्रश्न आता घरात येऊन बसला होता आणि उठायला तयार नव्हता. बायकोच्या एकटीच्या पगारात आम्ही किती दिवस तग धरला असता ते दोघांनाही ठाऊक होतं. म्हणून ते बोललं जात नव्हतं. शिवाय तिला तेव्हा तिसरा महिना होता.

दोन दिवसांचा अबोला संपवून तिनंच विचारलं, ‘‘कारखान्यात दोन भाग एकमेकांवर नीट बसलेत का, ते कसं बघता?’’

‘‘निळं लावून.’’ एका भागाला निळ्या रंगाचा पुसट हात द्यायचा, दुसरा त्यावर टेकवायचा. जिथं टेकतं तिथं डाग उमटतो. जिथं उमटत नाही, तिथं अजून घासायचं.

‘‘भागाला विचारत नाही ना, नीट बसलास का म्हणून?’’

खाली सुभेदार पायऱ्यांवर बसून ऐकत होते. त्यांना आमचं सगळं ऐकू जायचं आणि ते लपवायचेही नाहीत. तिथूनच ओरडले, ‘‘बरुबर बोल्ल्या म्याडम! आमच्याकडं फायरिंगला खड्ड्यात माणूस बसिवत्यात. गोळी लागली का न्हाई त्यो झेंडी दावून सांगतो. गोळी मारणाऱ्याला कोन इचारतंय व्हय? त्यो तर म्हननारच, लागली!’’

माझ्या यंत्राला निळा रंग लावणं शक्य नव्हतं, खाण्यात गेला असता. मग मी बायकोच्या ड्रॉवरमधून तिचं लाल नेलपॉलिश काढलं. मूठ जिथं डब्याच्या बाहेरच्या अंगाला घासते, त्या दांड्यावर एक ठिपका दिला. दाण्यांशी त्याचा संबंध नाही, मूठ फिरली तरच तो घासला जाणार. बायको म्हणाली, ‘‘किती वेळा वापरल्यावर जातो, ते आधी घरी बघा.’’ तिला हौस नव्हती, शिस्त होती. मी आठवडाभर रोज कूट काढला. कोशिंबिरीत कूट, आमटीत कूट, एक दिवस पोह्यांवरही कूट. पहिल्या फिरवण्यात नुसता ओरखडा यायचा. सात-आठ वेळा वापरलं की दांडा लखलखीत. सुभेदारीणबाईंनी वर येऊन चौकशी केली, ‘‘पोटात काय बिघाड हाय का? रोज दाणं भाजल्याचा वास येतोय.’’

मग आणखी पाच केली. आता दहा झाली. दहाही दांड्यांवर लाल ठिपका. बायकोनं माझ्या राजीनाम्याच्या कागदाकडं बघितलं. मग तिची वही उघडून माझ्यापुढं ठेवली. ती म्हणाली, ‘‘आधी लिहा. नंतर नाही. किती ठिपके गेले तर नोकरी सोडायची?’’

‘‘पाच?’’

‘‘एक महिना घरात राहणार आहे यंत्र. तुमच्या म्हणण्याप्रमाणे बायका त्रासल्यात. निम्म्याच?’’

सातावर सौदा ठरला. दहांपैकी सात दांडे लखलखीत झाले तर कागद साहेबांच्या टेबलावर. सहा झाले तरी कागद फाडायचा. कागद पाकिटात घालून सुभेदारांकडे दिला, त्यांनी तो त्यांच्या हिरव्या लोखंडी ट्रंकेत ठेवून कुलूप घातलं. ‘‘आता हुकूम आल्याबिगर हलायचं न्हाई.’’

यंत्रं वाटायला यावेळी मी गेलो नाही. साताऱ्यातली पाच सुभेदारीणबाईंनी दिली, त्यातलं एक स्वतःकडे ठेवलं. सांगलीकडची पाच सासूबाईंनी दिली. त्यातलं एक मिरजेला बायकोच्या एका लांबच्या मावशीकडे गेलं. कुणाला काही सांगायचं नाही, विचारायचं नाही, अशी ताकीद. सासूबाईंना वाटलं जावयाचं काहीतरी व्रत चालू आहे.

तो महिना मी कसा काढला मलाच माहीत. कारखान्यात मन लागेना. मनातल्या मनात शेडच्या दारावर पाटी लावून झाली होती. पाटीवर कुठला रंग शोभेल, इथपर्यंत मजल गेली.

महिन्यानं मी सांगलीला गेलो. सासूबाईंनी पाच डबे मांडून ठेवलेले. चार जड होते. पुन्हा हळद, पुन्हा बेदाणे, एकात अख्ख्या शेंगदाण्यांचे लाडू, म्हणजे यंत्राच्या तोंडावर मारलेलीच चपराक. पाचवा उचलला तर हलका. उघडला तर रिकामा. धुऊन पुसून कोरडा ठक्क.

‘‘हे मिरजेचं,’’ सासूबाई जरा खालच्या आवाजात म्हणाल्या. ‘‘तुमच्या मावशीनं पाठवलंय. म्हणाली, लवकर धाडा.’’

सासूबाईंना त्या रिकाम्या डब्याची माझ्याइतकीच लाज वाटत असावी. त्यांनी पटकन त्यात चार बत्तासे टाकले. मी मनात म्हटलं, बाई स्पष्टवक्ती दिसते. घरातून लवकर बाहेर धाडा म्हणाली. एवढं नावडलं की रीतसुद्धा पाळली नाही.

रविवारी सकाळी सुभेदारांच्या पडवीत दहा यंत्रं मांडली. सुभेदार ट्रंक उघडून पाकीट घेऊन आले, मिशा नीट करून बसले. बायकोनं वही घेतली. मी एकेक मूठ काढायला लागलो.

पहिला दांडा: ठिपका जसाच्या तसा. लग्नाला निघालेल्या नवरीच्या नखासारखा. दुसरा: तसाच. तिसऱ्यावर एक ओरखडा, बहुधा पहिल्याच दिवशी कौतुकानं फिरवलेला. चौथा तसाच. पाचवा खुद्द सुभेदारांच्या घरचा. लालचुटुक.

मी त्यांच्याकडे बघितलं. ‘‘लय भारी म्हणत होता ना तुम्ही?’’

‘‘हाय की लय भारी!’’ सुभेदार जराही न डगमगता म्हणाले. ‘‘पर आमच्यात कूट उखळात करत्यात. आनि भाड्यानं ऱ्हाणाऱ्या मानसाला तोंडावर न्हाई कसं म्हनायचं?’’

सहा, सात, आठ, नऊ. सगळे लाल. माझ्या हातातला स्क्रू ड्रायव्हर जड झाला होता. बायको नुसत्या रेघा मारत होती. दहावा तो मिरजेचा. हा तर बघायचीही गरज नाही, म्हणून मी ठेवूनच देत होतो. ती म्हणाली, ‘‘दहा ठरले होते.’’

मूठ काढली. दांडा लखलखीत. ठिपका तर नव्हताच, पण पोलाद घासून घासून आरशासारखं झालं होतं. सात-आठ वेळा नाही, महिनाभर रोज दोन-दोनदा फिरवल्याशिवाय असं होत नाही, हे टूलरूमचा माणूस म्हणून मी शपथेवर सांगतो.

‘‘एक,’’ बायको म्हणाली.

‘‘पण बघ तरी कसा घासलाय!’’

‘‘एक.’’

सुभेदारांनी पाकीट पुढं केलं. ‘‘फाडा.’’

मी दहा सबबी सांगितल्या. थंडीचे दिवस होते. दाणे महाग होते. उपासाचे दिवस नव्हते. बायकोनं त्या शांतपणे ऐकल्या आणि म्हणाली, ‘‘ही सगळी कारणं आधी लिहिली असतीत तर धरली असती.’’ मग मी कागद आडवा फाडला. वरचा अर्धा सुभेदारांनी चुलीत घालायला नेला. खालचा अर्धा, सहीचा, मी खिशात घातला. सुभेदारीणबाईंनी चहा आणला. मग बायको म्हणाली, ‘‘मिरजेला जाऊन येऊ या का? मला बघायचंय मावशी काय करते.’’

‘‘विचारायला?’’

‘‘बघायला.’’

पुढच्या रविवारी दोघं मिरजेला गेलो. जाताना मी तो डबा साताऱ्याच्या कंदी पेढ्यांनी भरून नेला. तिनं रीत मोडली म्हणून आपण कशाला मोडायची? मावशींनी दार उघडलं, माझ्या हातातलं यंत्र बघितलं आणि आनंदानं आत ओरडल्या, ‘‘मामंजी, आलं बरं तुमचं!’’ मग झाकण उघडून आत पेढे बघितले आणि चेहरा पडला.

‘‘अगंबाई, भरून आणलंत? म्हणजे पेढे काढून घेऊन डबा तुम्हालाच परत द्यायचा की काय?’’

मला काही कळेना. ‘‘म्हणजे?’’

‘‘नाही, भांडं भरून देतात ते दुसऱ्याचं परत करताना. हे तर आमच्याकडेच यायचं होतं ना. म्हणून तर मी रिकामं धाडलं. आपल्याच घरचं भांडं आपल्याच घरी यायचं, त्यात काय भरायचं? हिच्या आईला म्हटलं होतं, लवकर धाडा म्हणावं.’’

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी पेढ्यांकडे बघितलं.

आतल्या खोलीत मावशींचे सासरे खाटेवर बसले होते. ऐंशीच्या पुढचे, तोंडात एकही दात नाही. त्यांनी डबा जवळजवळ हिसकावूनच घेतला, पेढे एका ताटलीत ओतले आणि सुनेला म्हणाले, ‘‘आन.’’ तिनं ज्वारीच्या भाकरीचे वाळके तुकडे आणले. त्यांनी ते वरून टाकले आणि मूठ फिरवायला लागले. खाली भाकरीचा बारीक चुरा पडला. त्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं गरम दूध ओतलं, गूळ कुस्करून घातला आणि खायला लागले.

‘‘आधी मी कुस्करून द्यायचे,’’ मावशी हळूच म्हणाल्या. ‘‘ते खायचे नाहीत धड. बाळासारखं भरवू नकोस म्हणायचे. आता दोन्ही वेळा स्वतःच करतात. मला तर हात लावू देत नाहीत.’’

म्हातारबुवांनी खाता खाता माझ्याकडे बघितलं. ‘‘पावनं, ह्ये यंतर तुमी केलंय व्हय? मग ह्ये लाल काय लावलं हुतं? चार दिस मुठीखालनं लाल भुगा पडत हुता.’’

मी सांगितलं, बायकोचं नेलपॉलिश. ते एवढे हसले की दुधाचा थेंब दाढीवर आला. त्या घरात दाणे कधीच त्या यंत्रात गेले नव्हते. मी तिकडं लक्षच दिलं नाही. माझ्या डोक्यात दुसरं काहीतरी उकळायला लागलं होतं.

परतीच्या एसटीत इस्लामपूर यायच्या आधीच माझं सुरू झालं. ‘‘अगं, दात नसलेली माणसं किती असतील! घरोघरी! त्यांना हे लागणार…’’

‘‘च?’’ बायकोनं विचारलं.

मी श्वास घेतला. ‘‘समजा, लागत असेल. तर काय दिसेल?’’

तिनं हात पुढं केला. मी खिशातून तो फाटका अर्धा कागद काढून दिला. दुसरा कागद जवळ नव्हताच. तिनं पाठीमागं, हलत्या गाडीत, नागमोडी अक्षरात लिहायला सुरुवात केली. पोटावर हात, हातात कागद.

नोकरी मी सोडली नाही. तशी यंत्रं मात्र पुढं बरीच केली, रविवारी रविवारी, मागून नेणाऱ्यांसाठी. त्यातलं एक बऱ्याच वर्षांनी सुभेदार स्वतः वर येऊन घेऊन गेले. तेव्हा त्यांच्या मिशा तशाच होत्या, दात राहिले नव्हते.

तो कागद अजून आमच्याकडे आहे. एका बाजूला ‘आपला विश्वासू’ आणि माझी झोकदार सही. दुसऱ्या बाजूला बायकोचं अक्षर: ‘पक्ष: माणसाला दात नाहीत. साध्य: तो मूठ स्वतः फिरवतो. खोटं ठरेल, जर महिन्यानं ठिपका शिल्लक असेल आणि डबा भरून परत आला.’